नारळावरची पहिली गोळी

माचय्याने रायफलीचा बोल्ट, नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, काढून उजेडात धरला, नळीतून आरपार पाहिलं आणि मान डोलावली. समोर उभा चंगप्पा त्याच्या हातांवरची नजर काढत नव्हता.

कैलपोळचा, हत्यारं पुजायचा सण. बंदुकांना फुलं वाहून झाली होती, डुकराच्या मटणाची पंदीकरी चुलीवर रटरटत होती आणि अख्खं गाव गोळीने नारळ फोडायला मैदानात लोटलं होतं. यंदा पहिली गोळी चंगप्पाची. आजोबांची लढाईतली थ्री नॉट थ्री त्याने म्हैसूरहून नव्यासारखी करून आणली होती. पण जुनं हत्यार जाणत्याने तपासल्याशिवाय झाडायचं नाही, हा गावचा दंडक. आणि जाणता एकच, फौजेत बंदुका दुरुस्त करून निवृत्त झालेला माचय्या. कालची रात्र रायफल त्याच्याच घरी होती.

गेल्या साली रानडुकराच्या शिकारीत चंगप्पाच्या गोळीने माचय्याचा धाकटा भाऊ सोमय्या गेला. पोलीस म्हणाले अपघात, पंचही म्हणाले अपघात. माचय्या अवाक्षर बोलला नाही. त्या गप्प बसण्यानेच चंगप्पाची झोप उडाली होती.

"चालेल ना रे?" चंगप्पाने विचारलं.

"झकास आहे, अण्णा. बिनधास्त झाडा."

"बोल्टवरचा आकडा रायफलीवरच्या आकड्याशी जुळत नाही."

"बोल्ट दुसरा आहे. पण बसलाय नीट. मापून पाहिलंय मी."

"तरी आधी टायरला बांधू, लांबून दोरीने चाप ओढू. तू नेहमी तसंच करतोस."

"काल घरी केलं ते."

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही." माचय्या हसला. वर्षभरात पहिल्यांदाच. "खांद्याला लावा. गाल नीट टेकवा."

चंगप्पाला दरदरून घाम फुटला. चाप ओढला की बोल्ट उडून थेट डोळ्यात घुसणार. मेल्याने बरोबर डाव साधला!

"चंगप्पाण्णा, नारळाला कोंब फुटेल आता!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

माचय्याने काडतूस पुढे केलं. "घ्या. आपलं थोडंच वैर आहे?"

चंगप्पाने रायफल उचलली. गाल टेकवायला गेला आणि एकदम त्याने ती गवतात फेकली.

"नाही झाडणार! जीव घेणार हा माझा! सोमय्याला मी मुद्दाम मारलं, ते कळलंय ह्याला!"



माचय्याने रायफल उचलून पुसली, काडतूस भरलं, खांद्याला लावली, गाल टेकवला आणि चाप ओढला. नारळाच्या ठिकऱ्या उडाल्या.