उजवा गाल

तोकुजी मिझोगुचींनी नवा रेझर उचलला आणि थेट उजव्या गालाला लावला.

"अहो, डावा! डावा गाल!" कारखान्याचे कुमाझावासाहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"माहीत आहे," तोकुजी म्हणाले आणि उजव्याच गालावर सुरू झाले.

आमच्या सेकी गावात ब्लेडचे कारखाने पायलीला पन्नास. पण स्वतःची दाढी करून पोट भरणारी माणसं मोजकीच. त्यांत तोकुजी सगळ्यात जुने. एकतीस वर्षं हेच काम. सकाळी कारखान्यात यायचं, आरशापुढे बसायचं, ब्रशने फेस काढायचा. नवा रेझर डाव्या गालावर, रोजचा जुना उजव्या गालावर. मग पहिल्या दाढीला काय वाटलं ते कार्डावर लिहायचं. डावा-उजवा हा नियमही तोकुजींनीच घालून दिलेला. कुणी विसरलं, तर त्याची ते बिनपाण्याने करायचे. आणि आज स्वतःच!

त्यांच्या कार्डावर कौतुकाचे शब्द तीनच असत: 'काहीच जाणवलं नाही.' गालावरून पातं फिरलं हेसुद्धा कळलं नाही, याहून रेझरचं आणखी काय कौतुक करणार? ते तीन शब्द आणि खाली तोकुजींचा लाल शिक्का पडला, की दुसऱ्या दिवशी साचे करायला टाकायचे.

आजचा रेझर चिसातोचा होता. चिसातो ही तोकुजींची एकुलती एक लेक. आराखडे काढणाऱ्या विभागात सात वर्षं होती आणि त्यांतली तीन या एका दुधारी रेझरवर घालवली होती. मुठीचं वजन, डोक्याची गोलाई, ब्लेड आणि कडेमधली फट, सगळं तिने स्वतः कानस घेऊन जमवलेलं. साहेबांनी बजावलं होतं, आज पास झाला तर ठीक, नाहीतर यंदा बाजारात तिच्याच विभागातल्या मोरिवाकींचा रेझर एकटाच जाईल. तो गेल्याच महिन्यात पास झाला होता, तोकुजींच्याच शिक्क्याने.

"लेकीचा आहे, करतील डोळे मिटून पास," असं जेवणाच्या सुट्टीत बरेच जण बोलायचे. चिसातोच्या कानावर ते येत होतं आणि तिला ते फार लागायचं. म्हणून कारखान्यात ती बापाला कधी बाबा म्हणाली नाही. मिझोगुचीसान म्हणायची, आणि अहोजाहो करायची.

ती भिंतीला टेकून उभी होती. रेझरचा करकर आवाज येत होता. तोकुजींनी मधेच हात थांबवला, पुन्हा फेस लावला, जबड्यापाशी उलट्या बाजूने एकदा वर ओढला. रक्ताचा एक ठिपका आला.

तोकुजींनी तोंड धुतलं. सावकाश टिपलं. कार्ड पुढे ओढून लिहिलं: 'मूठ छान. पण ओढतो. ब्लेड थरथरतं. फट केसभर जास्त.' शिक्का त्यांनी बाहेर काढलाच नाही.

कुमाझावासाहेबांनी कार्ड वाचलं आणि त्यांनाच वाईट वाटलं. "मिझोगुचीसान, नियमाप्रमाणे एकदा डाव्या गालावर बघता का? काय सांगावं, तिकडे बरा चालेल."

"तिकडे बराच चालेल," तोकुजी म्हणाले. "नको."

आता मात्र चिसातोचा तोल सुटला. साहेब समोर आहेत, दार सताड उघडं आहे, कशाचंच तिला भान राहिलं नाही.

"बाबा! मोरिवाकींच्या रेझरला तू 'काहीच जाणवलं नाही' लिहिलंस. त्याचं ब्लेड डोक्यात डुगडुगतं! मी हात लावून बघितलंय. तो तुला लोण्यासारखा लागला, आणि माझ्यात केसभर फट सापडली? लोक बोलतील म्हणून घाबरलास ना? घरच्यालाच झोडपायचं, म्हणजे तू न्यायी!"

तोकुजींना राग आला नाही. त्यांनी कार्ड तिच्या हातात दिलं. "फट केसभर कमी कर. बाकी कशाला हात लावू नकोस. फार चांगला होईल तो."

"मोरिवाकींचं बोल."

या कामात गालावर साधं पुरळ उठलं, तरी माणसाला खोकी भरायला पाठवतात. तोकुजींच्या निवृत्तीला अजून चार महिने होते. ते उठून उभे राहिले आणि आधी कुमाझावासाहेबांपुढे कमरेत वाकले. चांगले खोल वाकले. साहेब गोंधळून बघत राहिले. मग ते लेकीकडे वळले.

"हिवाळ्यात डाव्या अंगावरून वारं गेलं गं. हातपाय सावरले, तोंड वाकडं झालं नाही, म्हणून तुलासुद्धा कळू दिलं नाही. पण तो गाल गेला. तेव्हापासून जे जे आलं ते सगळं मी त्या मेल्या गालावर पास केलं. तुझा तेवढा जिवंत गालावर चालवला."