निम्मे आयरिस

दुसरं लग्न झाल्यावर शरयू उरलेलं सामान न्यायला पाचगणीच्या जुन्या सासरी आली, तेव्हा सासूबाई बागेत खुरपं घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या मुलाने, शरयूच्या पहिल्या नवऱ्याने, सौमित्रने लावलेल्या दाढीवाल्या आयरिसच्या फुलझाडांचा गड्डा त्यांनी उपटला होता, पानंही छाटली होती. सौमित्र वारल्यावर दोघींनीच ती झाडं जपली होती.

सासूबाई लग्नाला आल्या नव्हत्या. हा त्याचाच राग, असं शरयूला वाटलं.

"आई, त्याची आठवण होती हो ती!"

"म्हणून तर निम्मी तुझी," म्हणत सासूबाईंनी गड्डा मोडून निम्मे कंद तिच्या ओंजळीत ठेवले. "पानं छाटलीत, म्हणजे लवकर रुजतील. खोल पुरू नकोस, कंदाची पाठ उन्हात राहू दे. पहिल्या वर्षी फुलले नाहीत तरी उपटू नकोस."

"आणि फुलले तर?" शरयूने डोळे पुसत विचारलं.

"मला बोलव. जावयाच्या हातचा चहा प्यायला येईन."