शेऱ्याचा रकाना

"हे कुत्र्याचं काय आहे?" साहेबांनी यादी तिच्यापुढे सरकवली.

काठीवालीने वाकून पाहिलं.

झाड ३३. घेर एकशेदहा. उंची साडेसात. शेरा:
कुत्रं सावलीमागे सरकलं.
झाड जागचं हललं नाही.

 रस्ता रुंद होणार होता, आणि कडेची दोनशे चौदा झाडं तिने मोजली होती. मीटरभर काठी उन्हात उभी करायची. काठीची सावली मोजायची, मग झाडाची. पुढे त्रैराशिक. त्या काठीवरूनच तिला ऑफिसात काठीवाली म्हणत.

"शेरा म्हणजे काय गं? 'वाकलेलं'. 'पोकळ'. 'तारेला लागतं'. संपलं. इथे कुत्र्याचं काय काम?"

"त्याला नंबर द्यायचा राहिला, साहेब," टेप धरणारे मामा दारातून म्हणाले.

साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पान उलटलं.

झाड १२. उंची सहा. शेरा:
पान पडलं.
सावली आधीच खाली होती.

"उद्या अकराला यादी वृक्ष समितीपुढे जाणार. माझी अब्रू वेशीवर टांगायचं ठरवलंयस का? हे सगळं काढ. चार वाजता सही करून आणून दे." मग जरा आवाज खाली आणून, "महिनाअखेर तुझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. मला तुझ्याबद्दल चांगलंच लिहायचंय. लिहू दे मला."

ती खुर्चीवर येऊन बसली. कॉम्प्युटरवर यादी उघडली.

एक. पुसलं.
दोन. पुसलं.
तीन.

  बोटभर रुंदीचा रकाना. त्यात मावेल तेवढंच लिहायचं, ही शिस्त तिची तिनेच लावून घेतली होती. बारावर बोट थबकलं. तो तसाच सोडून ती पुढे गेली. तेहतीसही सोडला. उरलेले सगळे पुसत सत्तावन्नपाशी आली.

झाड ५७. उंची चार. शेरा:
सावली धावत आली,
भिंतीशी अडली,
उभी राहिली.

बरं जमलंय, असं वाटलं तिला. आणि लगेच शेवटची ओळ तिने पुन्हा वाचली.

उभी राहिली?

तिने खाली पाहिलं. ५८: तीन नव्वद. ५९: चार. ६०: चार दहा. थेट सत्तरपर्यंत. कारखान्याच्या भिंतीलगतची चौदा झाडं, सगळी चारच्या आसपास. तेव्हा वाटलं होतं, एका वेळी लावलेली असतील.

"मामा, भिंतीकडच्या झाडांना टेप कुठवर धरली होतीत?"

"भिंतीपर्यंत. तुम्हीच म्हणालात ना ताई, बास, भिंत आली."

"आणि भिंतीवर चढलेली सावली? ती वर मिळवायची असते."

मामांनी मान खाजवली. "मी विचारलं होतं. तुम्ही बोटांवर काहीतरी मोजत होतात. म्हटलं, तोच हिशेब चाललाय."

ती शेऱ्याची अक्षरं मोजत होती.

पाच मीटरच्या आतलं झाड 'लहान'. लहान झाडाला सुनावणी नाही, परस्पर तोडतात. ही चौदा झाडं पाचाच्या आत तिने बसवली होती. तिच्या काठीने.

ती उठली. पाणी प्याली. बसली. पुन्हा उठली.

पुसून टाकलं तर? शेरा गेला की आकडा उरतो, आणि आकड्याला कोणी विचारत नाही, तुला मोजलं तेव्हा उन्हं कुठे होती. सांगितलं तर? चौदा चुकली तर बाकीच्या दोनशेंचं काय, असं समिती म्हणणार. मग साहेब महिनाअखेर काय लिहितील, हे सांगायला ज्योतिषी नको.

ती साहेबांच्या दारापर्यंत गेली. तोंडातल्या तोंडात घोकलं, साहेब, चूक झाली. आत गेलीच नाही. परत आली.

पुन्हा पाणी.

"ताई, टाकी संपवता की काय," मामा म्हणाले.

पावणेचार. ती बसली आणि भराभर पुसायला लागली. एकाहत्तर, बहात्तर, शंभर, दोनशे चौदा. मग मागे येऊन कुत्रं पुसलं. पानावर क्षणभर थांबली. तेही पुसलं.

चारला तिने सही केलेली यादी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेब पानं उलटत गेले. कोरा रकाना. कोरा. कोरा. "शाब्बास," म्हणाले. आणखी एक पान उलटलं, आणि चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"हे चौदा राहिले."

"ठेवलेत, साहेब."

"अगं, पण कविताच आहेत या."

"शेरे आहेत. वाचा तुम्ही."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. साहेबांनी मुकाट्याने वाचलं. सत्तावन्न. मग एकसष्ट:

अर्धी जमिनीवर,
अर्धी भिंतीवर.
सावलीला कंबर आली.

मग अडुसष्ट:

भिंतीवर
माझ्याहून उंच
याची सावली.

तिथे ते थांबले. बोट शेऱ्यावरून डावीकडे सरकलं, उंचीच्या रकान्यात आलं. चार. पुन्हा शेऱ्यावर गेलं. पुन्हा चारावर आलं, बेरीज करावी तसं. दारात मामा टेपची पट्टी थोडी बाहेर ओढत होते, सोडत होते.

साहेबांनी चष्मा काढला आणि तिला नखशिखांत पाहिलं.

"तुझी उंची किती गं?"