एकसारख्या फायली

मुखेडात सगळ्याच उमेदवारांच्या प्रचाराच्या रिक्षा सलीमच्या, अन् भोंग्यावरचा आवाजबी त्याचाच. लॅपटॉपवर रेकॉर्डिंगची नुसती खिचडी झाली, म्हणून त्यानं फुकटातली सॉफ्टवेअरं हुडकली. एकानं जाहिराती दाखवून जीव खाल्ला, दुसऱ्यानं लॅपटॉपच झोपवला, तिसरं मात्र लई गुणाचं निघालं. त्यानं फायलींना नावं लावली, फोल्डर पाडले अन् वर अदबीनं विचारलं, “एकसारख्या फायली काढून टाकू?” सलीमनं खुशाल ‘हो’ दाबलं.

आवाज तोच, बाजा तोच, रस्ता-पाणी-लाईटचं आश्वासनबी तेच. सॉफ्टवेअरनं एकट्या आप्पासाहेबांची फाईल ठेवली, बाकी सगळ्या पुसल्या.

सलीमच्या ध्यानात आलं तवर दुपार झाली होती. बजरंगरावांचे फोटो लावलेली रिक्षा अर्ध्या गावात आप्पासाहेबांसाठी मतं मागून आली होती. तेवढ्यात बजरंगरावांचाच फोन.

“सलीम, सकाळपासून माझ्या रिक्षात आप्पासाहेबाचं नाव वाजून राहिलं म्हणं?”

“माफ करा मालक, गलती झाली.”

“गलती कशाची? आप्पासाहेबाला पाठिंबा तर मी आत्ता जेवताना दिला. तुला सकाळीच कुणी सांगितलं?”