दोन गाड्यांची एक

इंजिन चासीत बसत नव्हतं. उस्तादनं ते पुन्हा उचलून ठेवलं, तरी बोल्टची भोकं बोटभर बाजूलाच राहिली.

"जमत नाही," तो कपाळ पुसत म्हणाला. "चासी एका गाडीची, इंजिन दुसरीचं. त्यापेक्षा दोन्ही गाड्या वेगवेगळ्या उभ्या करू. नसलेले भाग मी कुठूनही शोधून आणतो."

"नको," स्टुलावर बसलेली बाई म्हणाली. "एकच करा."

दाराशी उभ्या असलेल्या माणसानंही मान हलवली.

उस्ताद जुन्या मोटारसायकली जिवंत करायचा. त्याचं नाव झालं होतं ते एका हट्टापायी. ज्या गाडीचा जो भाग, तोच तिला लागला पाहिजे. परक्या गाडीचा नटसुद्धा त्याला खपत नसे. सरमिसळीची गाडी कुणी आणली, तर तो आधी ती सगळी खोलून भेसळ बाहेर काढायचा. या दोघांचं काम त्यानं घ्यायलाच नको होतं. पण त्यांनी पोत्यांतून सुटे भाग आणून त्याच्यापुढे मांडले आणि इतके मुकाट उभे राहिले, की त्याच्या तोंडून नाही निघेना.

त्या भागांचंही त्याला कोडं पडलं होतं. टाक्या, सायलेन्सर, मागची चाकं, सगळं होतं. पुढचं चाक, फोर्क, हेडलाइट मात्र नव्हते, आणि तेही दोन्ही गाड्यांचे. चौकशी केली तेव्हा तो माणूस, पुढचं सगळं नवीन घ्या, एवढंच म्हणाला आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

उस्ताद त्याला दादा म्हणू लागला आणि बाईला वहिनी. पहिल्यांदा वहिनी म्हटल्यावर ती जराशी दचकली.

इंजिन ज्या गाडीचं होतं ती वहिनींच्या सासऱ्यांची, हे त्यांच्या बोलण्यात आलं. उस्ताद खुलला. म्हणजे लहानपणी तुम्ही टाकीवर बसून भरपूर हिंडला असाल, असं तो दादांना म्हणाला. दादा गोंधळले. त्या गाडीचं यांनाच विचारा, त्यांना ठाऊक, असं पुटपुटत त्यांनी वहिनींकडे बोट दाखवलं. बापाच्या गाडीची माहिती बायकोला विचारायला सांगणारा मुलगा उस्तादनं आजवर पाहिला नव्हता.

दोघं यायचे वेगवेगळे, जायचे वेगवेगळे. भांडण मात्र कधी नाही. उलट एकमेकांशी इतक्या अदबीनं बोलत, की उस्तादलाच अवघडल्यासारखं व्हायचं. एकदा दादांनी कोपऱ्यावरून चहा आणला आणि साखर चालते ना, असं वहिनींना विचारलं. उस्तादच्या हातातला पाना तसाच राहिला.

सीट बसवायची वेळ आली. गाडी कोण चालवणार, असं त्यानं विचारलं, तर मुलाची आहे, असं दोघंही एकदमच म्हणाले. मग वहिनी म्हणाल्या, सीट उंच हवी, त्याचे गुडघे हँडलला लागतात. दादा म्हणाले, खाली हवी, नाहीतर त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

"मुलगा उंच की बुटका, ते एकदा ठरवून सांगा," उस्ताद हसत म्हणाला.

कुणीच हसलं नाही. मग वहिनी म्हणाल्या, यांच्या म्हणण्याप्रमाणे करा. दादा म्हणाले, नको, यांच्या. उस्ताद वैतागला. त्यानं सीट मधोमध बसवली. कुणाच्याच मापाची नाही अशी.

जेवताना त्यानं हे सगळं बायकोला सांगितलं.

"घटस्फोट घेत असतील," बायको म्हणाली. "सामानाची वाटणी चालली असेल."

"वाटणी करायची तर एकाच्या दोन करतील. दोनाची एक कशाला?"

कुणाचा संसार मोडत असेल तर चार शब्द बोलावेत, एवढं मात्र ती म्हणाली.

ते उस्तादच्या मनात राहिलं. इंजिनासाठी त्यानं जाड पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांना नवी भोकं पाडली आणि आयुष्यात प्रथमच दोन परक्या गाड्यांचा सांधा जुळवला. त्या दिवशी दादा एकटेच आले होते. हात पुसत तो त्यांच्याजवळ गेला.

"माझा अधिकार नाही, दादा. पण वहिनींची समजूत काढा. असं परक्यासारखं वागणं बरं नाही."

दादांनी त्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"त्यांची समजूत मी कुठल्या तोंडानं काढू?" ते म्हणाले.

चूक यांचीच असणार, हे उस्तादनं ताडलं. पुढे विचारायचं त्यानं टाळलं.

गाडी तयार झाली तेव्हा दोघंही हजर होते. किक मारताच इंजिन खोकलं आणि मग एका लयीत धडधडू लागलं. टाकी दादांच्या गाडीची होती; वहिनींनी तिच्यावर हात ठेवला. दादा खाली वाकून इंजिन ऐकत राहिले. उस्तादचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. भेसळीची गाडी, आणि इतकी गोड चालतेय.

त्यानं इंजिन बंद केलं. आता मुलाला पाठवा, एक फेरी मारू दे, असं तो म्हणाला. नाहीतर मीच घरी पोचवतो.

"कुणाच्या घरी?" वहिनींनी विचारलं.

"आधी तुमच्याकडे राहू दे," दादा त्यांना म्हणाले. "मग माझ्याकडे."

म्हणजे बायकोचंच खरं होतं. उस्तादला वाईट वाटलं.

"वेगळे राहता, हे माझ्या लक्षात आलं होतं," तो हळूच म्हणाला. "मग मुलगा कुणाकडे असतो?"

दादांनी मान फिरवली. वहिनींचा हात अजून टाकीवरच होता.

"आम्ही नवरा-बायको नाही," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा घाट चढत होता. यांचा उतरत होता."