चार जण सांगत हुते

बहात्तरच्या दुष्काळात राहीबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथल्याच मुकादमाचं स्थळ तिच्या लेकीसाठी, शेवंतासाठी आलं, तेव्हा तिनं सासऱ्यांना सरळ सांगितलं, "मामंजी, हा मानूस हजेरी घेताना बायांच्या अंगाला हात लावतो. म्या डोळ्यांनी बघितलंय."

रंगनाथआबांनी तंबाखूची चिमूट दाढेला धरली. "खडी फोडाय जातीस का लोकांवर नजर ठेवाय? पोराच्या हाताला घड्याळ हाय. बाईच्या सांगन्यावर असं स्थळ कुनी मोडतं व्हय?" आणि त्यांनी सुपारी फोडायचा दिवसही ठरवून टाकला.

राहीबाई वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी बांगड्यावाली बिस्मिल्ला दारात आली. ती प्रवरेकाठची सगळी गावं पायी फिरायची. राहीबाईनं बांगड्या काही भरल्या नाहीत, पण तिला तांब्याभर पाणी दिलं आणि पाणी पिऊन होईस्तोवर तिच्याशी बोलत राहिली.

दोन बाजार गेले. आबा संगमनेरहून घुश्शातच परतले.

"मोडलं ते स्थळ. लई वंगाळ निघाला मुकादम. बायांच्या अंगाला हात लावतो म्हनं. बाजारात चार जण सांगत हुते. चार जण खोटं बोलतील व्हय?"

"न्हाई मामंजी," राहीबाई पदर सारखा करत म्हणाली.

पुढच्या फेरीला बिस्मिल्लानं टोपलं उतरवलं आणि हसून विचारलं, "राहीबाई, आता गावोगाव काय सांगू?"

 

"आता सांग भाबी, राहीबाई बोलती ते खरं निघतं."