‘असं कसं बुवा’चे चाहते

“‘असं कसं बुवा’? अहो मॅडम, एकेक भाग तीनतीनदा पाहिलाय मी. झोपेतून उठवून विचारा.”

एसीवाल्याने हे छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा तो दातांच्या दवाखान्यात स्टुलावर उभा राहून एसीची जाळी काढत होता. बोलण्याच्या भरात जाळी हातातून निसटली आणि खाली खुर्चीतल्या पेशंटच्या मांडीवर पडली. पेशंटचं तोंड आधीच बधिर केलेलं होतं, म्हणून तक्रार काही आली नाही.

खरं तर या मालिकेचं नावही त्याने नुकतंच, डॉक्टरबाईंच्या तोंडून ऐकलं होतं. पण त्या दवाखान्यातला एसी वरचेवर बिघडायचा आणि दर वेळी एसीवाला नवा शर्ट घालून यायचा. पुढचा बिघाड बहुतेक वेळा तोच मागे ठेवून जायचा. अशा माणसाने डॉक्टरबाईंना नाही म्हणायचं तरी कसं?

“बरं झालं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “विज्ञानाची मालिका, पण हसून हसून पुरेवाट. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, भारी वेड. गुरुवारी संध्याकाळी घरी चाहते जमतात. तुम्हीही या. अण्णांना माणूस पसंत पडला की माझंही काम सोपं होतं.”

शेवटचं वाक्य ऐकून एसीवाला स्टुलावरून उतरायचाच विसरला.

घरी जाऊन त्याने मोबाइल पालथा घातला. मालिका कुठेच मिळेना. एक भाग नाही, एक फोटो नाही. म्हणजे फारच दर्जेदार असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. विज्ञानाची गमतीदार मालिका म्हणजे असून असून काय असणार? एक शास्त्रज्ञ, एक बाटली आणि एक स्फोट. एवढ्या भांडवलावर तो गुरुवारी अण्णांच्या दारात उभा राहिला.

आत तीन चाहते आधीच बसले होते. एक चष्म्याच्या दुकानाचा मालक, एक फोटोग्राफर, एक विमा एजंट. तिघेही त्याच्याच वयाचे, कडक इस्त्रीतले. सेंटचा वास इतका, की अण्णा खिडकीला नाक लावून बसले होते. विज्ञानाचे चाहते एवढे नटत असतील हे एसीवाल्याच्या गावीही नव्हतं.

“या,” अण्णा म्हणाले. “तुमचा आवडता भाग कोणता?”

“अंड्याचा,” एसीवाला म्हणाला आणि त्याने श्वास रोखून धरला.

चष्मेवाल्याने मान डोलावली.

“अंड्याचा ना. बाटलीत जातं, तोच.”

“आणि काही केल्या बाहेर येत नाही,” फोटोग्राफर म्हणाला.

विमावाला मागे कसा राहणार? “मग कोंबडीला बोलावतात,” तो म्हणाला.

एसीवाला बुचकळ्यात पडला. अंडं तर त्याने आत्ता, सोफ्यावर टेकता टेकता घातलं होतं. मग हे तिघे ते उबवत कसे होते?

“कोंबडीचं नाव काय हो?” अण्णांनी विचारलं.

“शकुंतला,” विमावाला म्हणाला.

“ते आधीचं. पुढे बदललं,” चष्मेवाला म्हणाला.

एसीवाल्याला जरा जोर आला. “आणि त्या शास्त्रज्ञाची मिशी जळते ते? मी तर लोळलो होतो.”

“मिशी?” फोटोग्राफरने भुवया वर केल्या. “बाई होती हो ती.”

चौघेही एकमेकांकडे बघत राहिले.

“मिशी प्रयोगात आली होती,” विमावाला म्हणाला, आणि चौघांच्याही जिवात जीव आला.

अण्णा अगदी मन लावून ऐकत होते. “मग ती जळली कशाने?”

“गुरुत्वाकर्षणाने,” एसीवाल्याच्या तोंडून निघून गेलं.

“बरोबर,” तिघे एका सुरात म्हणाले.

आता एसीवाल्याचं डोकं गरगरायला लागलं. थापा आपण मारतोय, आणि खऱ्या निघताहेत. की मालिका खरंच बघितली होती आणि विसरलो? हे तिघे मुरलेले गडी, आपण कच्चं मडकं. एक शब्द चुकला की डॉक्टरबाई हातच्या गेल्या. त्याने हळूच आतल्या दाराकडे पाहिलं. बाकीचे तिघेही तिकडेच बघत होते. आतून चहा यायचा असावा, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात बेल वाजली. पाण्याचा फिल्टर साफ करायला माणूस आला होता. हातात पाना घेऊन तो स्वयंपाकघराकडे निघाला, तोच अण्णांनी त्याला थांबवलं.

“काय हो, तुम्ही ‘असं कसं बुवा’ बघता का?”

“नाही, काका. नावच पहिल्यांदा ऐकतोय. कुठे लागते?”

चौघे चाहते हसले. “काय एकेक माणसं असतात,” विमावाला पुटपुटला. “माणसाला विज्ञानाचा जरा तरी गंध नको?” एसीवाला म्हणाला. सगळ्यात मोठ्याने तोच हसत होता.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“कुठेच लागत नाही,” ते म्हणाले. “नाव मी आणि पोरीने भाजी निवडताना काढलं.” मग आतल्या दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, “ये गं बाळा बाहेर. एवढी स्थळं येऊन बसली, शेवटी एक खरं बोलणारा सापडला.”

डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी फिल्टरवाल्याकडे नीट निरखून पाहिलं आणि त्या चक्क लाजल्या.

फिल्टरवाला म्हणाला, जरा लवकर उरकतो, खाली रिक्षात बायको आणि दोन मुलं थांबलीत.